बॉक्स्टर घ्यावी की बॉक्स्टर एस? शिडीच्या दोन पायऱ्यांचं गणित

मराठी घरात गाडी घ्यायचा विषय निघाला की कुणी ना कुणी म्हणतंच, "घ्यायचीच आहे तर टॉप मॉडेल घे ना." हॅचबॅक किंवा एसयूव्ही घेताना हा सल्ला समजण्यासारखा आहे. तिथे टॉप मॉडेल म्हणजे सनरूफ, मोठी स्क्रीन, अलॉय व्हील्स, लेदरच्या सीट्स. इंजिन बहुतेक वेळा खालच्या मॉडेलचंच असतं.

पोर्शेच्या बॉक्स्टरला हा सल्ला लावायला गेलं की गडबड होते, कारण तिथली शिडी वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. साधी बॉक्स्टर आणि बॉक्स्टर एस यांच्यात मुख्यतः इंजिन, ब्रेक आणि चाकं बदलतात. लेदर, गरम होणाऱ्या सीट्स, भारी म्युझिक सिस्टिम या गोष्टी वेगळ्या यादीतून, वेगळे पैसे मोजून, दोन्ही गाड्यांवर घेता येतात. त्यामुळे सेकंड हँड बाजारात नटूनथटून आलेली साधी बॉक्स्टर भेटते आणि अगदी बोडकी एससुद्धा भेटते. २०१० च्या सुमारास आलेली बॉक्स्टर स्पायडर तर त्या वेळची सगळ्यात वरची बॉक्स्टर. तिच्या मूळ किमतीत एसी आणि रेडिओ नव्हतेच, छतही हाताने लावायचं. एसपेक्षा ८० किलो हलकी करण्यासाठी कंपनीने सामान काढून टाकलं होतं आणि वर पैसे जास्त घेतले होते. टॉप मॉडेलचा आग्रह धरणाऱ्या काकांना हे समजावणं अवघड आहे.

हा लेख मुख्यतः अमेरिका, ब्रिटन किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या उपयोगाचा आहे. तिकडे पंधरा-वीस वर्षं जुनी बॉक्स्टर नव्याकोऱ्या साध्या सेडानपेक्षा कमी पैशांत मिळते, आणि मग प्रश्न पडतो: थोडे जास्त टाकून एस घ्यावी का? भारतातल्या हिशेबाबद्दलही पुढे थोडं येईल. पण ज्यांना गाडी घ्यायची नाही, फक्त टॉर्क आणि अश्वशक्ती यांतला फरक एकदाचा समजून घ्यायचा आहे, त्यांनाही ही जोडी उत्तम उदाहरण म्हणून चालेल.

आधी गाडीची तोंडओळख. १९९३ च्या डेट्रॉइट मोटर शोमध्ये पोर्शेने बॉक्स्टरचा नमुना मांडला आणि १९९६ मध्ये ती विक्रीला आली. दोन सीट्स, उघडणारं कापडी छत, आणि इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे. म्हणजे गाडीच्या साधारण मध्यावर. वजन दोन टोकांना न राहता मधे असल्यामुळे वळणावर गाडी चटकन तोंड फिरवते. इंजिन बॉक्सर पद्धतीचं: सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे पडलेले. इंजिन सपाट, म्हणून वजन खाली. पुढे एक डिकी आणि मागे एक डिकी, त्यामुळे दोघांचं चार दिवसांचं सामान आरामात मावतं. इंजिन मात्र सहजासहजी नजरेला पडत नाही. बॉनेट उघडून "वा, काय इंजिन आहे" म्हणायची सोय या गाडीत नाही.

पिढ्या कारखान्याच्या आकड्यांनी ओळखल्या जातात: ९८६, ९८७, ९८१ आणि २०१६ मध्ये आलेली ७१८. पहिली तीन वर्षं एकच मॉडेल होतं, २.५ लिटर आणि २०४ अश्वशक्तीचं. २००० सालच्या मॉडेलपासून शिडीला दोन पायऱ्या आल्या. साध्या गाडीला २.७ लिटर आणि २२० अश्वशक्ती, एसला ३.२ लिटर आणि २५२. साधीला पाच गिअर, एसला सहा. एसचे ब्रेक मोठे, कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) लाल, नाकात एक जास्तीचा रेडिएटर. मागून ओळखायचं तर एसच्या मधोमध दोन गोल सायलेन्सर नळ्या, साधीला एकच. पुढच्या प्रत्येक पिढीत दोन्ही आकडे वाढत गेले, आणि मधलं अंतरही बत्तीसवरून पन्नासच्या आसपास पोचलं.

आता गाभ्याकडे वळू.

टॉर्क, आरपीएम आणि अश्वशक्ती

समजायला सोपी पडते म्हणून ९८१ ही पिढी घेऊ, २०१२ ते २०१६ ची. साध्या गाडीचं २.७ लिटरचं इंजिन २६५ अश्वशक्ती देतं, एसचं ३.४ लिटरचं ३१५. वजन १३१० आणि १३२० किलो, म्हणजे जवळपास सारखंच. मॅन्युअल गिअरच्या गाड्या शून्य ते शंभर अनुक्रमे ५.८ आणि ५.१ सेकंदांत गाठतात. कमाल वेग ताशी २६४ आणि २७९ किलोमीटर.

हे आकडे वाचून बहुतेक जण असा निष्कर्ष काढतात की एस ही जोरात चालवणाऱ्यांची गाडी आणि साधी बॉक्स्टर ही शांतपणे, छत उघडून फिरणाऱ्यांची. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. निदान टर्बो नसलेल्या पिढ्यांमध्ये, शांतपणे चालवणाऱ्याला एस जास्त सुख देते आणि इंजिन राबवून चालवायची हौस असणाऱ्याला साधी गाडी. हे का, ते माहितीपत्रकातल्याच आकड्यांवरून काढता येतं.

सायकल डोळ्यांसमोर आणा. पॅडलवर तुम्ही किती जोर देता, तो टॉर्क. पाय मिनिटाला किती फेऱ्या मारतात, ते आरपीएम. दोघांचा गुणाकार म्हणजे तुमची शक्ती. कमी जोराचा माणूस पाय भराभर मारून तितकीच शक्ती काढू शकतो, फक्त त्याला पाय भराभर मारावे लागतात. इंजिनाचंही तेच. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, की शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. त्याला १.३६ ने गुणलं की जर्मन पद्धतीची अश्वशक्ती.

९८१ च्या साध्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क २८० न्यूटन मीटर, तो ४५०० पासून ६५०० आरपीएमपर्यंत मिळत राहतो. एसचा ३६०, तो ४५०० पासून ५८०० पर्यंत. आता ४५०० आरपीएमला दोन्ही इंजिनं काय देतात ते काढू. साधी: २८० गुणिले ४५०० भागिले ९५४९, म्हणजे १३२ किलोवॅट, सुमारे १७९ अश्वशक्ती. एस: तोच हिशेब ३६० ने, सुमारे १७० किलोवॅट, म्हणजे २३१ अश्वशक्ती.

शिखरावरचा फरक होता २६५ विरुद्ध ३१५, एसला १९ टक्के जास्त. मधल्या आरपीएमला तोच फरक २९ टक्के होतो. म्हणजे माहितीपत्रकात छापलेला मोठा आकडा एसचा खरा फायदा कमीच करून सांगतो. आणि हा फायदा तुम्ही इंजिन किंचाळवता तेव्हा दिसत नाही, साधं ओव्हरटेक करताना दिसतो.

हाच हिशेब उलट्या बाजूने करा. एस ४५०० आरपीएमला जी २३१ अश्वशक्ती देते, ती साध्या गाडीतून काढायला इंजिन किती फिरवावं लागेल? उत्तर येतं सुमारे ५८००. म्हणजे एसचा चालक तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबून ट्रक मागे टाकतो, तिथे साध्या गाडीच्या चालकाला एक गिअर खाली घ्यावा लागतो, क्लच, हात, आवाज, सगळं. शेवटी दोघंही ट्रकच्या पुढे जातात. एकाने काम केलेलं असतं, दुसऱ्याने नसतं.

हे काम कुणाला आवडतं आणि कुणाला त्याचा कंटाळा येतो, यावर निवड ठरायला हवी. रोज ऑफिसला तीच गाडी न्यायची असेल, शेजारी बायको किंवा नवरा बसणार असेल आणि इंजिन पाच हजारांवर गेलं की "हळू चालव" ऐकावं लागणार असेल, तर एस घ्या. तिला ओरडावं लागत नाही.

उलट रविवारी सकाळी डोंगरात एकट्याने जायचं असेल तर गिअरचा हिशेब पाहा. बॉक्स्टरचे गिअर लांब आहेत. ९८१ चा दुसरा गिअर पूर्ण ताणला तर दोन्ही गाड्या ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जातात. अमेरिकेतल्या ब्लू रिज पार्कवेवर वेगमर्यादा जास्तीत जास्त ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरचा तो प्रसिद्ध 'टेल ऑफ द ड्रॅगन' रस्ता, ११ मैलांत ३१८ वळणं, तिथे मर्यादा ३० मैलांची. अशा रस्त्यावर एसचं इंजिन पूर्ण फिरवलं तर दुसऱ्या गिअरमध्येच परवाना धोक्यात. साध्या गाडीत निदान चार-साडेचार हजारांपर्यंत जाण्याला काही कारण तरी असतं, आणि बॉक्सर सहाचा आवाज तिथूनच रंगात यायला लागतो. जर्मनीतल्या ऑटोबानवर, जिथे मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही, तिथे चित्र वेगळं. १६० वरून २२० वर जाताना गिअर खाली घेऊनही साधी गाडी एसला धरू शकत नाही, कारण तिथे दोन्ही इंजिनं शिखराजवळच असतात आणि ५० अश्वशक्ती म्हणजे ५० अश्वशक्ती. श्टुटगार्टात नोकरी करून महिन्यातून दोनदा हॅम्बर्गला जाणाऱ्याने एसच घ्यावी, त्यावर मी वाद घालणार नाही.

एक उपसूचना. ९८६ पिढीत आणि ९८७ च्या पहिल्या वर्षांत ऑटोमॅटिक म्हणजे जुना पाच गिअरचा टिपट्रॉनिक. साध्या इंजिनाला तो जोडला की वर सांगितलेलं सगळं बिघडतं: इंजिनाला फिरायला हवं आणि गिअरबॉक्स त्याला फिरू देत नाही. त्या काळातली ऑटोमॅटिकच हवी असेल तर एस घ्या. २००९ पासूनचा सात गिअरचा पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) मात्र इतका चपळ आहे की त्याच्यासोबत साधी गाडी छान चालते.

७१८ आली आणि गणित उलटलं

२०१६ मध्ये पोर्शेने बॉक्सर सहा काढून बॉक्सर चार बसवलं, टर्बोसह. साध्या ७१८ ला २ लिटर आणि ३०० अश्वशक्ती, एसला २.५ लिटर आणि ३५०. आवाजावरून गदारोळ झाला, आणि तो रास्तच होता. चार सिलिंडरचा हा आवाज मला आजही गोड वाटत नाही. पण आपण हिशेबाबद्दल बोलतोय.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे टॉर्क खूप लवकर मिळतो. साध्या ७१८ चा ३८० न्यूटन मीटर टॉर्क १९५० आरपीएमला हजर आणि ४५०० पर्यंत टिकून. एसचा ४२०, १९०० ते ४५००. म्हणजे खालच्या पट्ट्यात एस फक्त साडेदहा टक्के पुढे, आणि शिखरावर १७ टक्के. जुन्या पिढीच्या बरोबर उलट!

मगाशीचाच ४५०० आरपीएमचा हिशेब केला तर साधी ७१८ सुमारे २४३ अश्वशक्ती देते. जुनी ९८१ एस त्याच ठिकाणी २३१ देत होती. नवी साधी गाडी मधल्या पट्ट्यात जुन्या एसच्या पुढे गेली. रोजच्या आरामासाठी एस घ्या, हा माझा मघाचा सल्ला ७१८ मध्ये लागू होत नाही. तिथे साध्या गाडीतच तो आराम आहे. एसच्या टर्बोमध्ये पात्यांचा कोन बदलतो, हे तंत्र पेट्रोल गाड्यांमध्ये पोर्शेने त्याआधी ९११ टर्बो या आपल्याच महागड्या स्पोर्ट्स कारला दिलं होतं, आणि त्यामुळे वरच्या आरपीएमला तिचा दम टिकतो. पण तो दम वापरायला रस्ता हवा. ट्रॅकवर जाणार नसाल तर साध्या ७१८ वर थांबायला हरकत नाही.

ज्यांना सहा सिलिंडरच हवेत त्यांच्यासाठी ७१८ मध्ये पुढे ४ लिटरची जीटीएस आली, २०२० मध्ये, ४०० अश्वशक्ती आणि ७८०० आरपीएमपर्यंत फिरणारी. ती वेगळ्याच किमतीची गाडी आहे. तिच्यात आणि साध्या गाडीत निवड करणाऱ्या माणसाला या लेखाची गरज नाही.

ब्रेक

एसचे लाल कॅलिपर पाहून माणसं विरघळतात. मोठे ब्रेक म्हणजे गाडी लवकर थांबणार, असा समज त्यामागे असतो. एकदाच जोरात ब्रेक मारला तर गाडी किती अंतरात थांबेल हे मुख्यतः टायरची पकड ठरवते. आजचा कुठलाही धड ब्रेक चाक लॉक होण्याच्या सीमेपर्यंत नेतो, मग एबीएस सूत्रं हातात घेते. मोठ्या डिस्कचा उपयोग उष्णतेसाठी. चालकासह १४०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवताना सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. २०० वरून थांबवताना तिच्या चौपट, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी हे होतं, डिस्क थंड व्हायला वेळ मिळत नाही, आणि ब्रेक दाद देईनासे होतात. तिथे एसची जाड डिस्क कामाची. घाटात उतरताना गिअर खाली ठेवायची सवय असेल तर साधे ब्रेक पुरतात. शिवाय पोर्शेने साध्या ७१८ ला आधीच्या एसचेच ब्रेक दिले आणि नव्या एसला ९११ कॅरेराचे. म्हणजे एकेकाळचं "कमी पडतील" वाटणारं आणि "हवेतच" वाटणारं यातलं अंतर चार वर्षांत एक पायरी सरकलं.

चाकांचं थोडक्यात: ९८१ मध्ये साधीला १८ इंची, एसला १९ इंची. मोठी चाकं दिसतात छान, टायर महाग पडतात, आणि खड्डा लागला की पाठीला कळतं.

जुनी घेणार असाल तर बॅज विसरा

सेकंड हँड ९८६ किंवा ९८७ पाहत असाल तर एस की साधी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न इंजिनाच्या तब्येतीचा.

या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा असतो. क्रँकशाफ्टची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) गती तो साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे) पोचवतो. त्याच्या एका टोकाला बंदिस्त बेअरिंग आहे. ते झिजून तुटलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ सुटतो आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकलं. २००० च्या आसपास ते बदलून एकेरी आलं आणि तक्रारी वाढल्या. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यात मे २००१ ते फेब्रुवारी २००५ दरम्यानच्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्या होत्या. नंतर, साधारण २००६ पासून, कंपनीने मोठं बेअरिंग बसवलं. ते क्वचितच बिघडतं, पण बिघडलं तर इंजिन फोडल्याशिवाय बदलता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नवी इंजिनं आली, त्यांत हा दांडाच नाही.

हा धोका साधीला आणि एसला सारखाच. जुन्या मालकाने क्लच बदलताना बेअरिंगही बदलून घेतलं असेल तर त्याची पावती मागा. दोन्ही कामांसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, म्हणून शहाणी माणसं एकाच वेळी करून घेतात. अशी पावती असलेली साधी गाडी, पावती नसलेल्या एसपेक्षा कधीही बरी.

दुसरा आजार मात्र भेदभाव करतो. ९८७ च्या २००७-०८ च्या एसमध्ये ३.४ लिटरचं इंजिन आहे. त्यात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर चरे पडण्याच्या तक्रारी २.७ लिटरपेक्षा जास्त आहेत. लक्षणं अशी: तेल जास्त पिणं, सायलेन्सरला काजळी, थंड इंजिन सुरू केल्यावर लयीत टकटक. खात्री करायची तर मेकॅनिककडून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून बघावं लागतं. त्याचे पैसे लागतात, पण नव्या इंजिनाच्या तुलनेत ते काहीच नाहीत. या वर्षांत बजेट ताणून एस घेणाऱ्याला मी कॅमेऱ्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही.

माझ्या मते जुन्यांमध्ये सगळ्यात निवांत खरेदी म्हणजे २००९ ते २०१२ ची साधी बॉक्स्टर. २.९ लिटर, २५५ अश्वशक्ती, इंटरमीडिएट शाफ्ट नाही, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची गुंतागुंतही नाही (ती त्या वर्षीच्या एसमध्ये आहे). सहा सिलिंडरचा आवाज आहे, स्टीअरिंग अजून हायड्रॉलिक आहे. कमी पडतो तो फक्त मागचा एक अक्षराचा बॅज.

तसाही बॅजवर विश्वास ठेवू नका. पोर्शेकडून नाव न लावता गाडी मागवता येत असे, आणि बॅज बाजारात विकतही मिळतो. सर्व्हिस पुस्तिकेत आणि पुढच्या बॉनेटखाली चिकटवलेली कोडची पट्टी पाहा. गाडी कारखान्यातून नेमकी काय घेऊन बाहेर पडली ते तिथे लिहिलेलं असतं.

त्याच पट्टीवर काही गोष्टी शोधायच्या. वळणावर मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणारा मेकॅनिकल लॉक, बटणाने कडक होणारं सस्पेन्शन, स्पोर्ट क्रोनो (बटणाने इंजिनाचा प्रतिसाद तिखट करणारं पॅकेज). या वस्तू असलेली साधी गाडी वळणदार रस्त्यावर बोडक्या एसपेक्षा जास्त मजा देते, हे पोर्शेलाही मान्य असावं. कारण त्यांनी तशीच गाडी काढून विकली: ७१८ टी. इंजिन साध्या ७१८ चं, ३०० अश्वशक्तीचं. पण २० मिलिमीटर खाली बसणारं स्पोर्ट सस्पेन्शन, मेकॅनिकल लॉक आणि छोट्या फेऱ्याचा गिअर लिव्हर. दाराच्या आत हँडलऐवजी कापडी पट्ट्या, हा मात्र निव्वळ नखरा. साधं इंजिन आणि वरची चासी ही जोडी कुणाला सुचत नाही, कारण शोरूममध्ये बोलणं इंजिनापासून सुरू होतं.

भारतातला हिशेब

जुनी स्वस्त बॉक्स्टर अमेरिकेतून पाठवून देण्याचं स्वप्न इथेच सोडून द्या. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही, स्टीअरिंग उजवीकडे हवं, आणि शुल्क डोळे पांढरे करणारं. नवी बॉक्स्टर मिळायची तेव्हा ती तयार स्थितीत आयात व्हायची, म्हणून तिच्यावर आयात शुल्क, त्यावर जीएसटी, त्यावर रोड टॅक्स. हे सगळं टक्क्यांत असल्यामुळे दोन मॉडेलमधला जर्मनीतला फरक इथे येईपर्यंत दुपटीच्या पुढे फुगायचा. गाडी तीच, ५० अश्वशक्ती तीच, आणि वापरायचे रस्ते म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सपाटीला कायद्याने ताशी १००, समृद्धीवर १२०. इथे वापरलेली बॉक्स्टर पाहत असाल तर साधी घ्या आणि वाचलेल्या पैशांत टायर, ब्रेक पॅड आणि जाणकार मेकॅनिक यांची तजवीज करा. एसने मिळणारा वेग खर्च करायला जागा नाही, आणि स्पीड ब्रेकरवर दोन्ही गाड्या सारख्याच घासतात.

चालवून बघताना

दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ६० ला या, इंजिन साधारण अडीच हजारांवर असेल. तिथून गिअर न बदलता पाय दाबा. टर्बो नसलेल्या पिढीत फरक इथे कळेल. मग परत ६० ला या, दुसरा टाका आणि पुन्हा दाबा. दुसऱ्या खेपेला साध्या गाडीने तुम्हाला हसवलं तर प्रश्न सुटला. पहिल्याच खेपेला एस आवडली आणि दुसरा गिअर टाकायचा कंटाळा आला, तरीही सुटला. छत दोनदा उघडून बंद करून बघा. ९८६ च्या २००३ आधीच्या गाड्यांना मागची काच प्लास्टिकची असते, घडीवर तडे गेलेत का पाहा. आणि गाडी पाहायला जाण्याआधी मालकाला फोन करून सांगा की इंजिन सुरू करू नका, मी आल्यावर थंड असतानाच सुरू करू. तरीही पोचल्यावर मागच्या डिकीच्या झाकणाला हात लावून ते गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा.